बिनफवारणीचं वांगं

सांगलीच्या माणसाला वांग्याबद्दल बाहेरच्या कुणी शिकवावं, हे आम्हाला सहसा रुचत नाही. मी तर कृष्णाकाठची वांगी खाऊन वाढलेली, आणि पुढे नोकरीही वांग्यांचे नवे वाण तयार करण्याचीच लागली. म्हणजे आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेलं. त्यामुळे वांगी पाहायला यवतमाळला निघाले म्हटल्यावर घरात हशा पिकला. नवरा म्हणाला, "तिकडं लोक कापूस बघायला जातात. वांगी बघायला जाणारी तू पहिलीच."

कापसानं सगळ्या वऱ्हाडाला रडवलं, त्या वर्षांतली ही गोष्ट. बोंड वरून टपोरं दिसायचं, फोडलं की आत गुलाबी अळी. माणसं औषधावर औषध मारत होती. फवारणी करताना भोवळ येऊन पडलेल्यांच्या बातम्या आमच्या पश्चिमेकडच्या वर्तमानपत्रांतही येत होत्या. मी त्या वाचायचे, हळहळायचे आणि पान उलटायचे. आपलं पीक वेगळं, आपला प्रश्न वेगळा, असं मला वाटायचं.

आमचं काम थोडक्यात सांगते, म्हणजे पुढं माझी दाणादाण का उडाली ते कळेल. वांग्याला शेंडा आणि फळ पोखरणारी एक अळी असते. ती एकदा फळात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून शेतकरी ती शिरायच्या आधीच फवारत सुटतो, आणि वांगी तोडेपर्यंत फवारतच राहतो. वांग्याचं एक रानटी भावंड आहे, काटेरी, कडू आणि निबर. अळी त्याच्या वाटेला फारशी जात नाही. आपल्या वांग्याचा त्याच्याशी संकर करायचा आणि पिढ्यामागून पिढ्या कडूपणा घालवून चिवटपणा तेवढा राखायचा, हा आमचा उद्योग. पूर्वी त्यासाठी झाडाला फळ धरेपर्यंत थांबावं लागे. आता रोपाचं कोवळं पान प्रयोगशाळेत तपासलं की जनुकांतल्या खुणांवरून कळतं, हवा तो गुण आलाय की नाही. पण ही खूण म्हणजे नुसता शब्द. झाड तो शब्द पाळतं का, हे अळी आल्याशिवाय कळत नाही.

त्यासाठीच राळेगावच्या बाजूला एका गावात, कुंदाताईंच्या शेतात, आमच्या वांग्याची चाचणी लावली होती. पावसाळ्यात आमच्या केंद्राचा माणूस जाऊन रोपं लावून आला होता. अट एकच होती, एक थेंबही औषध मारायचं नाही. कुंदाताईंशी माझी ओळख फोनवरचीच. आठवड्या-पंधरवड्याला त्यांचा उत्साहानं भरलेला आवाज यायचा, "मॅडम, एक बी वांगं किडलं नाई जी!" आमच्या केंद्रावर याच वाणाचा निकाल बेताचा होता. यवतमाळच्या निकालावर हा वाण पुढं न्यायचा की कचऱ्यात टाकायचा, हे ठरणार होतं. आणि कुंदाताईंनी तर त्याच्याही पुढची उडी घेतली होती. पुढच्या हंगामात अर्ध्या वावरातली कपाशी मोडून हेच वांगं लावायचं, असं त्यांनी नवऱ्याकडून कबूल करून घेतलं होतं. गावातल्या बायकांनाही बियाण्याचा शब्द देऊन टाकला होता.

यवतमाळ

सकाळी बसस्टँडसमोर उभी राहून पोहे मागवले. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर घालतात. इथं त्यानं लालभडक तर्री ओतली. कोल्हापूरशेजारची मी, मला तिखटाचं काय, अशा तोऱ्यात मोठा घास घेतला आणि ठसका लागून डोळ्यांतून पाणी आलं. पोहेवाल्यानं पाण्याचा ग्लास पुढं केला.

"कापूस पाह्यले आल्या काय मॅडम?" त्यानं विचारलं.

"नाही. वांगी."

"वांगे?" त्यानं झारा खाली ठेवला. "बीटी हाय काय थे?"

मी म्हटलं, नाही बाबा, वांग्याचंच वांग्याशी लग्न लावलंय, परक्या घरचं काही आणलेलं नाही. तो म्हणाला, "मंग ठीक हाय. एका बीटी कपाशीनं आमचं पोट भरलं." शेजारी पोहे खाणारे दोघं-तिघं हसले, पण ते हसू काही फार आनंदाचं नव्हतं.

राळेगावची एसटी कळंबवरून गेली. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि डिसेंबरातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उभी झाडं. फुटलेला कापूस कुठं पांढरा, कुठं पिवळट पडलेला. मधूनमधून शेंगांनी लगडलेली तूर आणि तिच्यात पाठीवर पंप घेतलेला एखादा माणूस, तोंडाला फडकंही न बांधलेला. खिडकीतून येणारा तो वास मी ओळखला आणि काच ओढून घेतली.

विहिरीजवळचं रान

फाट्यावर मोटारसायकल घेऊन गजाननभाऊ आले होते, कुंदाताईंचे यजमान. उंच, लाजरा माणूस. रस्ताभर खड्डा आला की "सांभाळा जी" एवढंच बोलले. घरी पोचल्यावर हातात पाण्याचा तांब्या आला आणि पाठोपाठ ताटलीत सांभारवडी. कोथिंबिरीला इथं सांभार म्हणतात, आणि तिची ही खुसखुशीत वडी आमच्या कोथिंबीर वडीला सपशेल हरवते. सांगलीकर म्हणून हे लिहिताना जड जातंय, पण खरं ते खरं. कुंदाताई फोनवर वाटायच्या तशाच निघाल्या, ठेंगण्या, भरभर चालणाऱ्या, भरभर बोलणाऱ्या. "मी येतो, मी दावतो" असं बोलायच्या. बाईनं "येतो-जातो" म्हणण्यात सांगली आणि राळेगाव सख्ख्या बहिणी आहेत, हे कळून मला बरं वाटलं.

"चाला, पह्यले वावरात," त्या म्हणाल्या. "चहा मंग."

विहिरीला लागून वांग्यांचा तुकडा होता. दुरूनच पाहिलं आणि माझा ऊर भरून आला. झाडं गुडघ्याच्या वर गेलेली, शेंडे ताठ, वांगी अशी तुळतुळीत की जणू कुणी पुसून ठेवलीत. मी वाकून शेंडे तपासत गेले. अळी शिरलेला शेंडा मान टाकतो. इथं एकही सुकलेला शेंडा नव्हता. खिशातला चाकू काढून वांगी चिरली. आत पांढराशुभ्र गर. इतक्या वर्षांचं काम हातात आलं असं वाटून मी कुंदाताईंना चक्क मिठी मारली.

मग कडेच्या ओळींशी आले आणि माझे डोळे कपाळात गेले.

या कडेच्या ओळी आमच्या वाणाच्या नव्हत्या. मऊ सालीचं, अळीला लाडू वाटावं असं साधं वांगं आम्ही मुद्दाम कडेनं लावतो. ते किडलं की समजायचं, अळी आली होती. आणि तरीही आपलं झाड वाचलं, तर ते खरोखर चिवट. पण इथं त्या अळीसाठी लावलेल्या ओळीही तशाच तुळतुळीत होत्या. मी एक वांगं चिरलं, दुसरं चिरलं, मग चिरतच सुटले. एकाही वांग्यात अळी नव्हती.

"काय झालं मॅडम? चांगले हायत ना?"

"फार चांगली आहेत," मी म्हणाले. "एवढी चांगली असायला नको होती."

यंदा या भागात अळीच नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. शेजारचं वावर शोभाबाईंचं, कुंदाताईंच्या चुलत जावेचं. त्यांच्या बांधाजवळ घरापुरती वांग्यांची चार झाडं होती. तिथं गेले तर शेंडे माना टाकलेले, वांग्यांना भोकं. म्हणजे अळी बांधाच्या पलीकडं होती आणि अलीकडं नव्हती. अळीला बांध कळतो, असं मी तरी कुठं शिकले नव्हते.

परत आले तेव्हा माझा पारा चढलेला होता, आणि माझा पारा चढला की आवाजही चढतो. "कुंदाताई, खरं सांगा. कुणी औषध मारलं?"

"नाई जी."

"एकदा तरी? चुकून?"

त्यांचा चेहरा उतरला. "पोटच्या पोरीची आण घेऊन सांगतो, यावर एक थेंब फवारला नाई. तुमाले शब्द देल्ला होता ना." त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी ज्वारीची भाकर आणि पातोडीची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, रस्सेदार भाजी वाढली, तूप वाढलं, पण नजर वर केली नाही. बाई खोटं बोलत नव्हती, हे मला दिसत होतं. आणि वांगीही खोटं बोलू शकत नव्हती. त्या दोन्हींच्या मध्ये मी खुळ्यासारखी जेवत बसले.

रोडगे

दुसऱ्या दिवशी वावरात रोडग्यांचं जेवण होतं. हिवाळ्यात इथं हा सोहळाच असतो. कणकेचे जाड, घडीचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे. सोबत वरण आणि वांग्याचं भरीत. आमच्याकडच्या हुरड्यासारखीच मजा, पण पोटाला दुप्पट भारी. कुंदाताईंनी हे जेवण मुद्दाम घातलं होतं. बियाणं मागणाऱ्या बायका येणार, शहरातली मॅडम दोन शब्द बोलणार, आणि या वांग्याची चव सगळ्यांना कळणार. माझ्यावर रुसल्या होत्या, तरी बेत त्यांनी मोडला नव्हता. आदल्या संध्याकाळी तोडलेली टोपलीभर वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजली जात होती. कापसाच्या काड्यांच्या त्या धुराचा वास भलताच छान असतो. मला खरंच भूक लागली.

बायका जमल्या, तशी मी हळूच उठून विहिरीकडं गेले. कडेच्या ओळींत एखादी तरी अळी दिसावी, अशी आशा होती. आपल्या चाचणीत अळी सापडावी म्हणून देवाचा धावा करणारी बाई जगात मीच असेन.

पलीकडच्या तुरीतून गजाननभाऊ येताना दिसले. सकाळपासून तुरीवर फवारत होते. पाठीवर पंप, त्यात तळाशी औषध डुचमळत असल्याचा आवाज. ते विहिरीशी आले, मला पाहून "राम राम जी" म्हणाले आणि सरळ वांग्यांत शिरले. नळी वर केली आणि ओळीमागून ओळ, आमच्या आणि कडेच्या, सगळ्यांवर शांतपणे फवारा मारत चालले. पंप कोरडा होऊन सूं सूं करायला लागला, तसे थांबले.

मी ओळी ओलांडत त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"भाऊ," मी म्हणाले, "हे काय करताय तुम्ही?"

त्यांनी मागं-पुढं पाहिलं, मी दुसऱ्या कुणाला बोलतेय की काय म्हणून. "पंप रिकामा करून राह्यलो जी."

"वांग्यांवर?"

"मंग कुठी करू? इतकं महागाचं औषध मातीत फेकावं काय? इथंच करतो दरवेळी. विहीर जवळ हाय, लगेच धुता येते." ते अगदी निर्मळपणे बोलत होते. "परवा पऱ्हाटीवर मारलं, तवा बी थोडं उरलं होतं."

"पण या तुकड्यावर फवारायचं नव्हतं ना!"

"फवारलं कुठी?" त्यांना खरोखरच समजेना. "फवारणी म्हणजे औषध मोजून कालवावं लागते. हे तर उरलेलं. माह्या बापापासून भाजीपाल्यावर असंच मारतो आमी. थोडी कीड बी कमी होते."

माझ्या पायाखालची वाळू सरकली, आणि ती केवळ माझ्या वाणासाठी नव्हे. परवा, असं ते म्हणाले होते. वांगी काल संध्याकाळी तोडलेली. मी वळले आणि चपला एका हातात घेऊन जाळाकडं पळत सुटले.

बायका पंगतीनं बसल्या होत्या. पळसाच्या पत्रावळींवर रोडगे, वरण, आणि पातीचा कांदा घालून ठेचलेलं भरीत वाढून झालं होतं. बांधावरच्या म्हसोबाला नैवेद्य दाखवायला गजाननभाऊ यायचे होते, म्हणून अजून कुणी घास उचलला नव्हता. मी कुंदाताईंना बाजूला ओढलं आणि धापा टाकत पाहिलेलं सांगितलं.

"हो," त्या म्हणाल्या. "पंप तर तिथंच रिकामा करतात ते." आणि वाक्य संपता संपता त्यांचा हात तोंडावर गेला.

नवरा-बायकोपैकी खोटं कुणीच बोललं नव्हतं, कुणी काही लपवलंही नव्हतं. दोघांच्याही लेखी ती फवारणी नव्हतीच. आमच्या सूचनांतही फवारणी करू नका एवढंच होतं. पंप कुठं रिकामा करता, हे विचारायचं आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मला वाटलं, आता काहीतरी निमित्त काढून जेवण थांबवावं लागेल. मी निमित्त शोधत होते, तोवर कुंदाताई पंगतीकडं गेल्यासुद्धा. पहिल्या पानाशी वाकल्या आणि भरीत उचलून टोपल्यात टाकलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. आपल्याकडं पाहुण्याचं वाढलेलं पान मागं घेणं म्हणजे त्याला अंगणातून हाकलण्यापेक्षा वाईट.

"काहून वो कुंदा?" शोभाबाईंनी विचारलं. "आमचं काय चुकलं?"

"तुमचं नाई, माय. माह्यं चुकलं." कुंदाताई थांबल्या नाहीत. "हे वांगं बिनफवारणीचं हाय, असं मी गावभर सांगतलं. ते खोटं हाय. पंपातलं उरलेलं सारं यावरच पडलं. कपाशीचं बी, तुरीचं बी. परवा पडलं, आज बी पडलं."

एवढ्यात गजाननभाऊ येऊन पोचले होते. सगळ्या गावासमोर बायकोनं घरातली गोष्ट अशी उघडी केलेली ऐकून त्यांचा चेहरा लाल झाला. "मी का लोकायले जहर चारीन काय?" ते म्हणाले. टोपल्यातलं भरीत मुठीत घेऊन त्यांनी तोंडाकडं नेलं. "रोज खातो मी. काय झालं मले?"

कुंदाताईंनी त्यांचं मनगट धरलं. जोर लावला नाही, नुसतं धरून ठेवलं. "नका खाऊ," त्या म्हणाल्या. "तुमाले जहर घालाचं नव्हतं, हे मले ठाऊक हाय. तरी नका खाऊ." भाऊंनी मूठ सोडली आणि बांधावर जाऊन पाठमोरे बसले.

मग शोभाबाई हळूच म्हणाल्या, "आमच्या इकडं तर वालाच्या शेंगायवर रिकामा करतात पंप." दुसरी म्हणाली, "आमच्या इथं बरबटीवर," म्हणजे चवळीच्या शेंगांवर. तिसरीनं टोमॅटो सांगितले. कुणी रागावलं नव्हतं, कुणी रडत नव्हतं. जी ती आपापल्या घरची भाजी सांगत होती. आयुष्यभर मी कमी विषाची भाजी तयार करण्यासाठी जनुकं चाळत बसले, आणि इथं कापसाचं विष, कापसाचं पीक बुडालं तरी, न चुकता ताटात येत होतं. मी हादरून गेले होते. हे लिहितानाही तो धक्का पुरता ओसरलेला नाही.

"मंग पंप कुठी रिकामा करावा मॅडम?" शोभाबाईंनी विचारलं. "नाल्यात ढोरं पाणी पेतात."

लागेल तेवढंच औषध कालवा, उरलंच तर त्याच पिकावर संपवा, असं पुस्तकातलं उत्तर मी दिलं. त्यांनी मान डोलावली. मग विचारलं, "आन् आतापर्यंत खाल्लं त्याचं?"

बियाण्याचं कुंदाताईंनी तिथंच सांगून टाकलं. यंदा कुणालाच बी मिळणार नाही, आणि त्यांच्या स्वतःच्या अर्ध्या वावरातही हे वांगं लागणार नाही. "आजपासून या तुकड्यात पंप येणार नाई. अळी आली तर येऊ द्या, खाऊ द्या तिले. झाड खरं हाय का खोटं, ते पाहू. मंग बोला बियाण्याचं." मी सांगलीला परतल्यावर, मागाहून त्यांचा फोन आला. कडेच्या ओळी पार किडल्या आहेत, आणि आमच्या ओळींतही अळी शिरली आहे, कमी, पण शिरली आहे. त्यावरून काही ठरवणं आत्ताच शक्य नाही. एवढं खरं, की ज्या यशाच्या आनंदात मी मिठी मारली होती, ते माझ्या वांग्याचं नव्हतंच.

त्या दुपारी सगळ्यांनी वरणाशी रोडगे खाल्ले. भाऊंनाही कुंदाताईंनी बांधावर पान नेऊन दिलं आणि जेवेपर्यंत शेजारी बसल्या. मग मी निघाले. विदर्भातून पाहुणा रिकाम्या हाती जात नाही. शेतातलं काहीबाही वानवळा म्हणून त्याच्या पिशवीत पडतंच. त्या बायकाही येताना माझ्यासाठी वानवळा घेऊन आल्या होत्या. वालाच्या शेंगा, बरबटी, टोमॅटो, सांभार यांनी भरलेल्या पिशव्या निंबाखाली रांगेनं ठेवल्या होत्या. मी एकेकीला नमस्कार करत गेले. एकीनंही पिशवी पुढं केली नाही. शोभाबाईंनी तर आपली पिशवी पदराआड घेतली आणि मान खाली घातली.

मी गाडीवर बसले, भाऊंनी किक मारली. वळणावरून मागं पाहिलं, तेव्हा बायका पिशव्या उचलून घराकडं निघाल्या होत्या. मला द्यायला ती भाजी त्यांना योग्य वाटली नव्हती. आणि संध्याकाळच्या जेवणाला त्यांच्या घरात दुसरी भाजी नव्हती.